बाहुलीच्या हातात विळा: लहान मुलांना गावातली कामं कशी दाखवायची?

पळसफूल | ७ डिसेंबर, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात अंगणवाडी सेविका आहे. पटावर २२ मुलं, तीन ते सहा वर्षांची. गेल्या वर्षभरात जे करून पाहिलं ते इथं मांडते. तुमचे अनुभवही हवे आहेत, म्हणून हा धागा.

सुरुवात एका उत्तरापासून झाली. मागच्या जुलैत एका पोरीला सहज विचारलं, "तुझी आई काय काम करते गं?" ती म्हणाली, "काहीच नाई करत. वावरात जाते."

त्या दिवशी तिची आई सकाळी सहाला स्वयंपाक आटपून, हातात विळा आणि पाण्याची कॅन घेऊन निंदायला गेली होती. मी स्वतः तिला जाताना पाहिलं होतं. दिवसभर वाकून निंदण करून ती संध्याकाळी परत येणार, चूल पेटवणार, भांडी घासणार. आणि पोरीच्या लेखी हे सगळं "काहीच नाही".

घरी येऊन विचार करत बसले, तेव्हा लक्षात आलं की हे तिला आम्हीच शिकवलं. आमच्या भिंतीवर "आपले मदतनीस" असा तक्ता आहे. त्यावर डॉक्टर, पोलीस, पोस्टमन आणि टाय लावलेले शिक्षक. माझ्या २२ मुलांपैकी एकाचेही आईवडील त्या तक्त्यावर नाहीत. मुलं रोज तो तक्ता बघतात आणि काम म्हणजे ते, हे त्यांच्या मनात पक्कं बसतं. स्नेहसंमेलनातही तेच. भाड्यानं आणलेला पांढरा कोट आणि खोटा स्टेथोस्कोप.

मग मी एक बाहुली केली. तिचं नाव सरकी. दोन वेण्या, मोठं नाक, माझ्या जुन्या ब्लाउजपीसचा झगा. ती आपल्या वऱ्हाडीतच बोलते आणि तिला कुठलंच काम येत नाही. हे मी मुद्दाम ठेवलं. सगळं येणारी बाहुली बोलायला लागली की मुलं नुसती ऐकत राहतात. ज्या बाहुलीला काही येत नाही, तिला शिकवायला मात्र सगळी पुढं सरकतात.

रंगमंच म्हणजे आडवी उभी केलेली खाट आणि तिच्यावर टाकलेलं लुगडं. मी मागं बसते, मदतनीस ताई पुढं मुलांत बसतात. खेळ दहा मिनिटांचा, फार तर बारा. त्यापुढं तीन वर्षांचं लेकरू बसत नाही आणि बसवूही नये.

पहिली गोष्ट होती सरकीच्या झग्याची. उंदराच्या टोपीची गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. उंदराला चिंधी सापडते, मग तो धोब्याकडं, रंगाऱ्याकडं, शिंप्याकडं जातो. माझ्या आजीच्या तोंडची ती गोष्ट मला फार आवडायची, पण मोठेपणी एक गोष्ट खटकली. उंदीर प्रत्येकाला धमकी देतो आणि फुकटात काम करून घेतो. माझी सरकी धमकी देत नाही. तिला पोळ्याला नवा झगा पाहिजे. शिंपी म्हणतो, कापड आण. विणकर म्हणतो, सूत आण. सुतासाठी ती पोहोचते जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून बी वेगळं काढतात तिथं, आणि तिथून वावरात. प्रत्येक ठिकाणी तिला थांबावं लागतं आणि काहीतरी हात लावावा लागतो. सुईत दोरा ओवून दे, बोंडं भरून दे. आणि ते तिला जमत नाही, की मुलं ओरडतात, "असं नाई वं! दोऱ्याले थुंकी लाव!"

जिनिंगच्या ठिकाणी मी खेळ थांबवला आणि प्रत्येकाच्या हातात एकेक फुटलेलं बोंड दिलं. चार-पाच पाकळ्या, पाकळीत बिया. म्हटलं, सरकीला मदत करा, बी काढून द्या. अर्ध्या तासात २२ मुलांनी मिळून जेमतेम एक वाटी रुई काढली. बी सोडतच नाही तंतूला! मग आम्ही तराजू आणला. एका पारड्यात रुई, दुसऱ्यात बिया. रुईचा ढीग केवढा मोठा, पण पारडं खाली गेलं बियांचं. (क्विंटलभर कापसातून रुई ३४-३५ किलोच निघते, बाकी बहुतेक सरकीच. आपल्याकडं घरोघरी हे ठाऊक असतं, पण मुलांच्या हातात कधी दिलं जात नाही.) बाहुलीनं विचारलं, "हे काय हाय?" सगळे एका सुरात, "सरकी!" तिला तिचं नाव तिथं सापडलं. एक पोरगा म्हणाला, "आमची गाय ढेप खाते, ते हेच."

शेवटी वावर. तिथं कापूस वेचणारी बाई, दुसऱ्या हातावरची बाहुली. सरकी म्हणते, "मावशे, तुह्याशिवाय माहा झगा नसता झाला." तीच जुलैतली पोरगी उभी राहिली. "माही माय येचते. तिच्या बोटाले बोंडं टोचते." आणि तिनं स्वतःचं बोट दाखवलं, मघाशी बोंडाचं टोक लागलेलं.

एवढ्यावर मी वर्षभर चालले आहे. तुमच्यापैकी कोणी असं काही केलं असेल तर लिहा.

मोहरली_आमराई | ७ डिसेंबर, रात्री १०:०२

ताई, वाचताना गलबलून आलं. "काहीच नाई करत, वावरात जाते" हे वाक्य दिवसभर डोक्यातून जाणार नाही. बाहुली कशी केली ते सविस्तर लिहाल का? माझ्या जावेची मुलगी बालवाडी चालवते, तिला पाठवते.

वरूडकर | ८ डिसेंबर, सकाळी ७:४०

सध्या पुण्यात, मूळ वरूडचा, संत्र्याच्या पट्ट्यातला. तुमचं वाचून मला तान्हा पोळा आठवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपली मुलं लाकडाचे बैल सजवून घरोघरी नेतात, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. माझा बैल गावातल्या सुतारानं केला होता. वशिंड तासताना मी समोर बसून होतो. "जास्त तासलं तर बैल म्हातारा दिसते," असं ते म्हणाले होते. खेळणं कसं होतं आणि ते करणारा माणूस कोण, हे दोन्ही एकाच वेळी बघायला मिळालं. आज माझ्या मुलासाठी तोच बैल दुकानातून प्लास्टिकचा येतो, चाकांसकट.

आणखी एक. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा दिवसा खराट्यानं गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात ते उपदेश कमी करायचे आणि लोकांनाच प्रश्न विचारायचे. लोक उत्तर देता देता स्वतःच्या चुकीपर्यंत पोहोचायचे. तुमची सरकी त्याच घरातली वाटते मला.

पळसफूल | ८ डिसेंबर, दुपारी २:३०

वरूडकर दादा, गाडगेबाबांच्या नावाशी सरकीचं नाव जोडलंत, माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

मोहरली ताई, कृती लिहिते. वर्तमानपत्राचे बारीक तुकडे दोन दिवस भिजत घालायचे. मग पाणी पिळून पाट्यावर वाटायचे. मूठभर मेथ्या रात्री भिजवून वाटून त्यात मिसळायच्या. आपल्या आज्या कागदाच्या लगद्याची सुपं-टोपल्या करायच्या तीच रीत. मेथीनं लगदा चिकट होतो आणि कीडही लागत नाही. थोडी कणकेची खळ. जाड पुठ्ठ्याची नळी करायची, आपली तर्जनी आत जाईल एवढी. ती मानेच्या जागी ठेवून तिच्याभोवती लगदा लिंपत लिंपत लिंबापेक्षा थोडं मोठं डोकं करायचं. सावलीत वाळवायचं, चार दिवस तरी. उन्हात ठेवलं की तडे जातात. माझी पहिली दोन डोकी अशीच गेली.

डोकं हलकं पाहिजे, नाहीतर पाच मिनिटांत हात भरून येतो. तोंड फार हसरं रंगवू नका. हसरी बाहुली रडू शकत नाही. साधं तोंड असलं की मुलं तिच्या चेहऱ्यावर हवं ते बघतात. आणि डोळ्यांची बुबुळं जराशी खाली काढा, कारण मुलं खाली बसलेली असतात. सरळ काढलेले डोळे त्यांच्या डोक्यावरून बघतात, हे मला महिनाभरानं कळलं.

झगा हातमोज्यासारखा. अंगठा एका बाहीत, मधलं बोट दुसऱ्या बाहीत. बोलते ती बाहुली हलते, दुसरी अगदी गप्प. दोन्ही हलल्या की कोण बोलतंय ते मुलांना समजत नाही.

हत्यारं मात्र खरी करून घ्या. सरकीचा विळा आमच्या गावातल्या लोहारानं बोटभर पत्र्याचा करून दिला, धार न लावता. मुठीला लाकूडसुद्धा बसवलं. पैसे घेतले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी खेळ बघायला आला.

झाडीचा_माणूस | ८ डिसेंबर, सायंकाळी ६:१०

मी भंडारा जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक. ताई, तुमच्या धाग्यानं फार आनंद दिला जी.

आमच्याकडं दिवाळीपासून झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, वडसा-देसाईगंजहून मंडळ्या निघतात, त्यामुळं रात्रभर बसून बघायची सवय पोरासोरांनाही आहे. त्याचा फायदा घेऊन मी पहिली-दुसरीच्या मुलांसाठी सावल्यांचा खेळ करत असे. पांढरं धोतर ताणून बांधायचं, मागं बल्ब, आणि पुठ्ठ्याची चित्रं काडीला लावून. काड्या तुरीच्या किंवा पऱ्हाटीच्या, फुकटच्या.

एकदा धानाच्या रोवण्याची, म्हणजे भातलावणीची, गोष्ट केली. मी पुठ्ठ्याची बाई केली, हातात पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, जुडी, आणि तिला बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, डावीकडून उजवीकडं चालवू लागलो. पहिलीतला एक पोरगा मध्येच ओरडला, "गुरुजी, ती समोर काहून चालते? आपलाच रोवा तुडवते ना!" खरंच की. रोवणा करणारी बाई मागं मागं सरकते, लावलेलं तिच्या समोर राहतं. मी शेतकऱ्याचा मुलगा, उभा जन्म बांधीच्या काठावर गेला, आणि पुठ्ठा कापताना मला ते आठवलं नाही. पोराच्या डोळ्यात मात्र त्याची आई जशीच्या तशी होती.

त्या दिवसापासून मी नियम केला. ज्या कामाची गोष्ट, त्या कामाच्या माणसाकडं आधी जाऊन बसायचं. मालगुजारी तलावावर ढीवर बांधवांसोबत पहाटे गेलो, जाळं फेकताना कंबर कशी वळते ते बघितलं. कोशाचं सूत काढणाऱ्या बाईकडं गेलो. चित्र मग आपोआप खरं होते. बाहुलीनं काम बोलून दाखवू नये जी, करून दाखवावं.

पवनारची_वाट | ८ डिसेंबर, रात्री ८:५५

धागा आवडला. वर्ध्यात राहून एक आठवण करून द्यावीशी वाटते. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथंच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीम उभी राहिली. हातानं काम करत करत शिकायचं, टकळी, शेती, सफाई, सगळं अभ्यासाचाच भाग. सेवाग्रामला आनंद निकेतन शाळेत आजही मुलं शेती करतात, स्वयंपाक करतात, सूत कातून विणतात.

पण तो उद्योग ७ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी मांडला होता. तीन-चार वर्षांच्या लेकराच्या हातात टकळी दिली तर ती ओढाताणच. त्या वयाला काम खेळातूनच भेटायला हवं. म्हणून बाहुली मला फार योग्य वाटते. लेकरू काम करत नाही, कामाशी त्याची ओळख होते.

निळी_पाटी | ९ डिसेंबर, रात्री ११:२०

सगळं वाचलं. पळसफूल ताईंच्या मनाबद्दल मला शंका नाही. तरी जे खुपतंय ते लिहिते, कारण इथं कोणीच त्यावर बोललं नाही.

माझे पणजोबा गावातली मेलेली ढोरं ओढायचे. ते त्यांनी निवडलेलं काम नव्हतं, गावानं नेमून दिलेलं होतं. १९२७ च्या महाडच्या परिषदेपासून बाबासाहेब सांगत होते की ही कामं सोडा. आजोबांनी १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतली आणि त्यानंतर आमच्या घरात कोणी ढोराला हात लावला नाही. गावानं वर्षभर त्रास दिला. आजोबा मजुरीला दुसऱ्या गावी गेले, पण वडिलांना शाळेत घातलं. मी आज परिचारिका आहे.

तेव्हा "गावातली कामं", "कामाला मान" हे शब्द ऐकले की मी सावध होते. मान कोणाला आणि काम कोणाच्या वाट्याला? कुंभाराची बाहुली दाखवली की वर्गातली सगळी मुलं एका विशिष्ट पोराकडं बघतात ना? विदर्भातल्या कुठल्याही गावात बघतील. पांढऱ्या कोटाचं तुम्ही वाईट वाटून घेतलंत, पण माझ्या आईनं मला तो कोट दाखवला नसता तर मी कुठं असते? ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं की तुमचं काम हेच, त्यांच्या मुलांना ते चित्र लागतं.

याचा विचार केला आहे का?

पळसफूल | १० डिसेंबर, सकाळी ६:०५

निळी_पाटी ताई, रात्री तुमचा प्रतिसाद वाचला आणि झोप लागली नाही. तुम्ही म्हणता तसं माझ्याकडं झालेलं आहे. धाग्याच्या सुरुवातीला मी ते लिहिलं नाही, लिहायला हवं होतं.

सप्टेंबरमध्ये मी मडक्याची गोष्ट केली. खेळ संपला आणि एका मुलानं दुसऱ्याकडं बोट दाखवून म्हटलं, "हे तर यायचं काम हाय." ज्याच्याकडं बोट दाखवलं तो मान खाली घालून बसला. त्याच्या आजोबांचा मडकी भाजायचा आवा अजून पेटतो. मी समजत होते की त्याला अभिमान वाटेल.

त्या दिवसानंतर मी तीन गोष्टी बदलल्या. बाहुल्यांना आडनाव नाही, घराणं नाही आणि कुठलंही काम कुठलीही बाहुली करते. मडकं आता सरकी करते, विमानाच्या मेकॅनिकचं काम शेंगदाण्या हा माझा दुसरा बाहुला करतो आणि तोच भाकरी थापतो. ट्रॅक्टर चालवते ती आजीची बाहुली. दुसरं म्हणजे खेळानंतर माती सगळ्यांच्या हातात येते, एकाच्याच नाही. मग कोणाला जमतं आणि कोणाला नाही ते हातावर कळतं, जातीवर नाही. त्या पोराचं मडकं सगळ्यात वाकडं झालं आणि तो सगळ्यांबरोबर हसला, हे बघून मला फार हलकं वाटलं.

तिसरं, पांढरा कोट मी काढून टाकलेला नाही. तक्ता भिंतीवर आहेच. त्याच्या शेजारी दुसरा लावला, आमच्या गावातल्या माणसांच्या फोटोंचा. आशा ताई, लाईनमन, शेळ्या राखणारे बाबा, नर्सबाई. तुमच्यासारख्या.

निळी_पाटी | १० डिसेंबर, दुपारी १:१५

मनापासून उत्तर दिलंत, आभार. आडनाव नसलेली बाहुली हे मला पटलं.

एक भर घालते. काही कामांचा मान वाढवायचा नसतो, ती कामं बंद व्हायला हवी असतात. माणसानं हातानं मैला उचलणं २०१३ च्या कायद्यानं बंद आहे, तरी गटारात माणसं उतरवली जातात. सफाईची गोष्ट करणार असाल तर बाहुलीला हसत हसत गटारात उतरवू नका. तिच्या हातात मोजे द्या, यंत्र द्या आणि तिला "मी आत उतरणार नाही" असं म्हणू द्या. पाच वर्षांच्या मुलाला हे नीट समजतं.

वरूडकर | १० डिसेंबर, दुपारी ३:००

निळी_पाटी ताई, पटतंय. तरी एक विचारतो. सगळ्यांनी घराण्याचं काम सोडलं तर ती कला जाईलच ना? आमचा बैल करणाऱ्या सुताराच्या मुलानं रंधा हातात धरला नाही.

निळी_पाटी | १० डिसेंबर, दुपारी ३:४०

दादा, मग तुमच्या मुलाला शिकवा ना रंधा. कला जाऊ नये असं वाटणाऱ्यानं ती शिकावी. तिचं ओझं सुताराच्याच पोरावर का?

वरूडकर | १० डिसेंबर, दुपारी ३:५२

खरं आहे. याला माझ्याकडं उत्तर नाही. उन्हाळ्यात मुलाला घेऊन गावी जातो आणि त्यांच्याकडं बसवतो, ते शिकवायला तयार असतील तर.

सागवान | १० डिसेंबर, रात्री ९:३०

मेळघाटात शिक्षक आहे, मुलं कोरकू. माझी अडचण वेगळी होती. मुलं मराठीत बोलतच नसत. हातावर बाहुली घातली आणि तिला कोरकू बोलायला लावलं. माझं कोरकू मोडकंतोडकं, पण चूक बाहुलीची, म्हणून मुलं तिला दुरुस्त करू लागली. माझी चूक त्यांनी कधी दुरुस्त केली नसती.

मार्चमध्ये मोहफुलांची गोष्ट केली. बाहुली झाडावर चढून फुलं तोडायला लागते. हलकल्लोळ! मोह तोडत नाहीत, रात्री-पहाटे आपोआप गळतो, खाली वेचायचा. झाडाखालचा पालापाचोळा आधी झाडून घ्यायचा. उशीर केला तर गुरं-हरणं खातात. पहाटे कंदील घेऊन कोण जातं, टोपली कोणाची, वाळवायला किती दिवस, सगळं मुलांनी सांगितलं. एरवी वर्गात तोंड न उघडणारी एक पोरगी बाहुलीला हाताला धरून झाडाखाली घेऊन गेली. तो तास तिनंच घेतला.

आमच्या भागात घरची मोठी माणसं कामासाठी बाहेरगावी जातात. दिवाळीनंतर वर्गातली मुलंही त्यांच्याबरोबर निघतात. जाताना एकानं बाहुली मागितली. मी दिली. होळीला परत आला तेव्हा बाहुलीचं डोकं फुटलेलं होतं, पण ती वीटभट्टीवर कशी वीट पाडायची ते शिकून आली होती. त्यानं वर्गाला करून दाखवलं. चिखल, साचा, राख.

कुडाळचा_पाहुणा | ११ डिसेंबर, सकाळी ९:१०

मी कोकणातला, तरी लिहितो. आमच्या पिंगुळीच्या ठाकर समाजात कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या सावलीबाहुल्या आणि चित्रकथी, तिन्ही कला आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली त्यासाठी पद्मश्री मिळाली. लहानपणी त्यांच्या खेळाला बसलोय. दोऱ्यांच्या बाहुलीला वर्षानुवर्षांचा हात लागतो, त्यामुळं अंगणवाडीसाठी हातमोज्याची बाहुलीच ठीक, ताईंनी योग्य निवडलं. चित्रकथीची रीत मात्र नक्की घ्या. एकामागून एक चित्र धरायचं आणि गायचं. बाहुली नसली तरी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेली दहा चित्रं पुरतात.

आभाळमाया | ११ डिसेंबर, दुपारी १२:२०

आमच्या बालवाडीत दोन मुलं बाहुली बघून किंचाळून रडली. आता ती खोलीतच येत नाहीत. काय करू?

पळसफूल | ११ डिसेंबर, दुपारी २:०५

आभाळमाया ताई, माझ्याकडंही झालं होतं. बाहुली आधी "मेलेली" दाखवा, म्हणजे नुसतं कापड आणि डोकं चटईवर ठेवलेलं. मुलांना बोट घालून बघू द्या. मग त्यांच्या समोरच हात आत घाला. पहिले आठ दिवस खाटेच्या मागं जाऊच नका, मांडीवर घेऊन बोला. आणि तिचं तोंड कधीही लेकराच्या तोंडाजवळ नेऊ नका. रडणाऱ्या मुलाला सरकीची वेणी घालायचं काम द्या. माझ्याकडची सगळ्यात भित्री पोरगी आता सरकीला रात्री झोपवून घरी जाते.

पळसफूल | १४ डिसेंबर, रात्री ९:४५

मंडळी, आजच घडलेलं लिहिते.

काल झग्याची गोष्ट पुन्हा केली. हंगाम वेचणीचा आहे, गावात सगळीकडं कापूसच कापूस. या वेळी शिंप्याकडं सरकीनं झग्याचे तीनशे रुपये दिले, खोट्या नोटांनी. खेळ संपला आणि जुलैतल्या त्याच पोरीनं विचारलं, "मंग त्यातले माह्या मायले किती भेटले?"

मला काही सुचेना. शिंप्याला किती, कापडवाल्याला किती, हे मी आयुष्यात कधी मोजलं नाही. खाटेमागून सरकी म्हणाली, "मले नाई माहीत वं. तुह्या मायलेच इचारू."

पोरगी घरी जाऊन खरंच बोलली. आज रविवार, वेचणीला सुट्टी नसते, तरी तिची आई दुपारच्या भाकरीच्या वेळेला वावरातून उठून अंगणवाडीत आली. वेचलेला कापूस ठेवायला कंबरेला बांधलेली ओटी तशीच होती, कडेला कापसाचे पुंजके लागलेले. मी मुलांना घरून बोलावून आणलं, पंधरा-सोळा जमली. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. चांगलं फुटलेलं वावर असलं तर दिवसाला चाळीस किलो होतो, दहिवर असलं की सकाळी हात ओले होतात, पैसे किलोवर मिळतात. दिवसाचे किती होतात ते तिनं लेकीच्या समोर बोटांवर मोजून दाखवलं. पोरीनं तिच्याबरोबर मोजलं.

मग तिची नजर सरकीवर गेली. म्हणाली, "हिले येचाले शिकवलं तुमी?" मी हो म्हटलं आणि करून दाखवलं. सरकी दोन्ही हातांनी मिळून एकेक पाकळी ओढते, मग खाली ठेवते.

ती हसली. "असं येचलं तं माणूस उपाशी मरन, बाई." हात धुतले, पदराला पुसले आणि सरकी हातात घातली. अंगठा एका बाहीत, मधलं बोट दुसऱ्या बाहीत. कोणी सांगितलं नव्हतं. मग खाटेच्या कडेला खोचलेल्या बोंडांवरून सरकी सुटली. डावा हात, उजवा हात, डावा, उजवा. एक हात ओढतो तोवर दुसरा पुढच्या बोंडावर. मूठ भरली की कंबरेकडं, पुन्हा वर. सरकी एक शब्द बोलली नाही. मुलं आधी हसली, मग गप्प झाली आणि नुसती बघत राहिली. झाडीच्या गुरुजी, मला तुमचा रोवणा आठवला.

पण सरकीला कापूस ठेवायला जागाच नव्हती. प्रत्येक मूठ खाली सांडत होती. पोरगी म्हणाली, "तिले ओटी नाई ना मा!"

तर आता सरकीला ओटी शिवायची आहे. वीतभर कापड पुरेल, पण जुन्या सुती लुगड्याचं हवं, नव्या कापडाची गाठ बसत नाही. उद्या तिची आई संध्याकाळी येऊन गाठ कशी मारायची ते दाखवणार आहे. फोटो टाकते.